टॉलिव्हरचा सोन्याचा गोळा

पेटीची काच शाबूत होती. कुलूप लागलेलं होतं. आतला सोन्याचा गोळा तेवढा नव्हता. निळ्या मखमलीवर त्याच्या वजनानं पडलेला खळगा उरला होता.

"गेला," त्र्यंबकराव म्हणाले.

"ते दिसतंय," लतिकाबाई म्हणाल्या. "पुढचं बोला."

लतिकाबाई शिरोडकर अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या. खासगी तपासाचं लायसन्स होतं त्यांच्याकडे. दागिन्यांची चोरी खरी झाली की घरबसल्या झाली, हे बघायला विमा कंपन्या त्यांना बोलावत. शाळा सातवीपर्यंत, पण जन्म सावंतवाडीच्या सोनाराच्या घरातला. यजमान त्र्यंबकराव इंजिनिअर. फार शिकलेले, त्यामुळे समोरचं दिसायला त्यांना वेळ लागे. गाडी ड्राइव्ह करणं आणि वहीत टिपून घेणं, ही दोन कामं बाईंनी त्यांना नेमून दिली होती.

आज मात्र दोघं तपासाला आली नव्हती. शहाऐंशीच्या ऑक्टोबरातला शनिवार होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं हे एवढंसं टॉलिव्हर गाव, तिथं जुन्या खाणीच्या कचेरीत गावाचं म्युझियम. ओळखीतली मीनाक्षी जोगळेकर तिथं गाइड होती. तिनं फोन केला होता, "मावशी, सोमवारी इथला सोन्याचा गोळा राजधानीत, रॅलेच्या मोठ्या म्युझियममध्ये जातोय, कायमचा. बघायचा तर आताच या."

सकाळी त्यांनी तो बघितला होता. लिंबाएवढा, ओबडधोबड, माणसाचा हात न लागलेला पिवळा. लतिकाबाईंनी जन्मभर सोनं बघितलेलं, पण ते आटवलेलं, ठोकलेलं, कुणाच्या तरी गळ्यातलं. डोंगरानं स्वतः घडवलेलं सोनं त्या प्रथमच बघत होत्या. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. भिंतीवर खाणकऱ्यांचे फोटो होते. टोपीला मेणबत्ती चिकटवून ही माणसं तीनशे फूट खाली अंधारात उतरायची. बाई एकेका चेहऱ्यापुढे उभ्या राहिल्या. रांग खोळंबली तरी हलल्या नाहीत.

अंगणात अर्ल टॅटम नावाचा म्हातारा पॅनमध्ये वाळू धुऊन सोन्याचे कण काढून दाखवत होता. पॅन फिरवताना त्याच्या बोटातली लग्नाची अंगठी कडेवर टिकटिक वाजत होती.

"आमच्या दुकानापुढच्या गटारात झारेकरी सोन्याच्या कणांसाठी अश्शीच माती धुवायचे," बाई त्र्यंबकरावांना म्हणाल्या. "समुद्रापलीकडे, भाषा वेगळी, देव वेगळा, आणि मनगट तसंच फिरतंय बघा."

बारा ते एक म्युझियम बंद असतं. दोघांनी गाडीत बसून दशम्या खाल्ल्या. एक वाजला, दार उघडलं नाही. शेरीफची गाडी आली. दोन वाजता मीनाक्षी बाहेर आली ती रडून लाल झालेली.

"मावशी, बाराला मी स्वतः पेटी बंद केली तेव्हा गोळा होता. एकला नव्हता. किल्ली माझ्याकडे असते म्हणून ते मलाच धरणार. पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. चोरीची केस लागली तर सगळं कॅन्सल. आणि या गावात मी तोंड कसं दाखवू?"

"डोळे पूस," बाई म्हणाल्या. "रडताना माणूस चोरासारखंच दिसतं."

शेरीफ बोवेन जाडजूड आणि सरळ मनाचा होता. त्यानं बाईंचं लायसन्स उलटसुलट बघितलं.

"जेवणाच्या सुट्टीत आत तिघंच होते," तो म्हणाला. "बाहेर गर्दी, त्यामुळे कुणी निघालं असतं तर दिसलं असतं. तिघांची झडती घेतली, खिसे, पर्स, बूट. कचऱ्याचे डबे, नळाखालचं भांडं, अंगणातली वाळू, सगळं उपसलं. पिवळं काही सापडलं नाही. साडेतीनला मी मीनाक्षीबाईंना घेऊन जाणार." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या लोकांना सोन्याचं फार वेड असतं म्हणतात."

"आम्ही सोनं अंगावर घालतो, शेरीफसाहेब. दारात उभं राहिलं तरी दिसतं. फोटोतली ही माणसं तीनशे फूट खाली गेली त्यासाठी. वेड कुणाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा."

शेरीफ हसला आणि बाजूला झाला.

आधी मीनाक्षी. "बारा ते एक कुठं होतीस?"

"मागच्या किचनमध्ये भात गरम करत होते. किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली. तिघांनाही माहीत आहे." तिचं मनगट लाल झालं होतं. "झडतीला आलेल्या पोलीस बाई म्हणाल्या, बांगड्या काढा. या पाटल्या लग्नातल्या. साबण लावून ओढल्या तरी निघाल्या नाहीत." हाताला रुतलेल्या पाटल्या पिवळ्याधमक चमकत होत्या.

मग म्युझियमच्या अध्यक्ष मिसेस लॅसिटर. सत्तरीच्या, ताठ.

"मी ऑफिसात रॅलेशी फोनवर बोलत होते. गोळा तिथं द्यायचा निर्णय माझा. मी तो कशाला चोरीन? माझी झडती घेतली, या वयात. अंगठीसुद्धा काढायला सांगत होते." त्यांच्या बोटाचे सांधे संधिवातानं सुजले होते, पिवळी अंगठी त्यात अडकून बसली होती. "डॉक्टर म्हणतात, आता ही कापूनच निघेल."

अर्ल टॅटम कोपऱ्यात बाकावर बसला होता. मांडीवर पॅन, त्यावर तो बोटांनी ठेका धरत होता. ढप ढप ढप.

"मी अंगणात पाणी बदलत होतो," तो म्हणाला. "माझ्या पणजोबांनी तो गोळा काढला, बाई. ओढ्याच्या वाकणावर, गुडघाभर पाण्यात. मी तो कशाला विकीन?"

"विकलात असं कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

पॅनवरचा अर्लचा ठेका थांबला.

तेवढ्यात त्र्यंबकराव खाली वाकले. फळ्यांच्या फटीत एक चंदेरी मणी चमकत होता. त्यांनी बोट पुढे करताच बाई कडाडल्या, "हात मागं घ्या."

"पारा आहे तो," अर्ल म्हणाला. "सकाळी शाळेच्या मुलांना दाखवतो. खाणकरी त्यानंच बारीक सोनं गोळा करायचे. सांडतो थोडा कधीतरी."

बाईंनी मान डोलावली. "अहो, इथल्या सगळ्या वस्तू पाटीवरच्या मजकुराशी ताडून बघा. एकही सोडू नका."

त्र्यंबकरावांना असलं काम मनापासून आवडे. वीस मिनिटांनी ते वही घेऊन आले. "काही गेलेलं नाही. दिवे सात, बरोबर. पाऱ्याची लोखंडी बाटली एक, बरोबर. भट्टीशेजारी शिशाचे गोळे, पाटीवर पाच, ठेवलेत सहा. म्हणजे कमी काहीच नाही."

"धन्य आहे तुमची," बाई म्हणाल्या, पण या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "शेरीफसाहेब, सगळ्यांना इथं बोलवा."

भट्टीशेजारच्या लाकडी पेटीत सहा करडे गोळे होते. पाच मळकट, सहावा जरा उजळ. बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

"शेरीफसाहेब, हा उजळ गोळा रुमालात धरून उचला. दुसऱ्या हातात त्याच्याएवढाच मळका घ्या. तुमच्या अंगठीला काही लागू देऊ नका."

शेरीफनं दोन्ही उचलले. उजळ गोळा धरलेला त्याचा हात एकदम खाली गेला. तो हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"शिसं जड," बाई म्हणाल्या, "पण सोन्यापुढे ते पोर. तुम्ही सगळे पिवळं शोधत होतात, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही. पाऱ्याचा हात लागला की सोनं पांढरं पडतं. आमच्याकडे घरात थर्मामीटर फुटला तर बाई आधी बांगड्या सांभाळते आणि मग ताप बघते."

"कोणी केलं हे?" मिसेस लॅसिटर म्हणाल्या.

"गोळा सगळ्या बाजूंनी पांढरा करायचा तर पारा हातानं चोळावा लागतो, खाचाखोचांत. ते करणाऱ्याच्या हातातलं सोनंही पांढरं पडलं असतं. मीनाक्षीच्या पाटल्या निघतच नाहीत, आणि त्या पिवळ्या आहेत. तुमची अंगठी निघत नाही, तीही पिवळी."

"हातमोजे घातले असतील," शेरीफ म्हणाला.

"कचऱ्यापासून बुटांपर्यंत तुम्हीच उपसलंत. सापडले?"

त्यानं मान हलवली.

"सकाळी अर्लसाहेबांची अंगठी पॅनवर टिकटिक वाजत होती. दुपारी त्याच पॅनवर ढप ढप. अंगठी आधीच काढून ठेवली, कारण पाऱ्याचं काम पिढीजात माहीत. आणि अजून घातली नाही, कारण पारा हातावरून लवकर जात नाही. झडतीत खिशात म्हाताऱ्याची स्वतःची अंगठी सापडली, तर संशय कोण घेणार?"

अर्लनं खिशातून अंगठी काढून बाकावर ठेवली. ती पिवळीच होती. बोटावर चाळीस वर्षांचा पांढरा वळ होता.

"मी त्याला बाहेर नेणार नव्हतो," तो म्हणाला. "इथंच राहिला असता. रोज येऊन बघितला असता. रॅलेला हजार वस्तूंत कोण ओळखणार त्याला?"

"आणि ही पोर?" बाईंनी विचारलं. "ती तुरुंगात गेली असती, तिचे कागद फाटले असते. तेही बाकावर बसून बघितलं असतंत?"

"मला वाटलं नव्हतं तिला धरतील. धरलं तेव्हा बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही."

"आता उचला. माझ्याशी नको, तिच्याशी बोला. शेरीफच्या समोर."

अर्ल उठला. मीनाक्षीपुढे जाऊन त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, किल्लीपासून. मीनाक्षीनं ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही. शेरीफनं वहीतलं तिचं नाव खोडलं. बाईंनी त्याला तिथंच एका कागदावर तिच्यावर काही संशय नाही असं लिहायला लावलं, खाली सही आणि तारीख.

"सोनं बिघडलं का हो?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"ते कुठलं बिघडतंय? जाणकारानं आगीवर पारा उडवला की पुन्हा तसंच." बाईंनी साडीची पिन काढून त्यांच्या हातात दिली. "अंगठी काढा आणि एक रेघ ओढा."

करड्या गोळ्यावर केसाएवढी पिवळी रेघ उमटली. लतिकाबाईंचे हात पुन्हा जोडले गेले.

"बाहेर लोक दोन तास उभे आहेत," मिसेस लॅसिटर म्हणाल्या. मग मीनाक्षीकडे बघून त्यांनी जरा थांबून विचारलं, "तुम्ही सांगाल त्यांना? तुमच्याइतकं नीट कुणी सांगत नाही."

मीनाक्षीनं कागदाची घडी पर्समध्ये ठेवली, पदर सारखा केला आणि दार उघडलं. माणसं कुरकुरत आत आली. काचेमागे त्यांना करडा दगड दिसला, आणि त्यावर एक रेघ.

"हे सोनं आहे," मीनाक्षी म्हणाली. "जवळ या. रेघेकडे बघा."

हळूहळू कुरकुर थांबली. मागच्या बाजूला एका शेतकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.