दहा मिनिटं मालाची, तीन माणसांची

भाची जननीचं लग्न झालं ते २०१८ साल. त्याच वर्षी चेन्नईत वेस्ट मांबलमच्या बाजारात मी एका माणसाला तोंडावर घुबड म्हटलं.

मी अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, लाटून टेम्पोने दुकानांत पोचवायची. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, अक्षरओळख नाही. त्या दिवशी खाकी सदऱ्यातला पार्किंगवाला आडवा आला. तमिळमध्ये म्हणाला, "इथं फक्त माणसांनी चढायचं-उतरायचं, तीन मिनिटं. माल पलीकडे, दहा मिनिटं. फलक वाचला नाही?"

मी घरच्या मराठीत पुटपुटले, "काय डोळे वटारतंय, घुबड!"

"घुबडाला दिवसा दिसत नाही, बाई," तो मराठीतच म्हणाला. "मला दिसतं... डबा वाकडा धरलाय."

आपली बोली इथं कुणाला कळणार... आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची नेहमीची चूक!

"नाव काय घुबडाचं?"

"सेतुमाधव. फलक खरंच वाचता येत नाही?"

मी मान खाली घातली. तो हसला नाही. "मग रोज एक अक्षर. पण माल उतरेपर्यंतच हं. नियम मोडायचा नाही."

मग मी डबे एकेक करून उतरवू लागले.

"काल दोन फेऱ्या, आज सात?"

"हात दुखतो—"

"कुठला?"

"दोन्ही..."

टेम्पोच्या धुळकट काचेवर तो बोटानं अक्षर काढायचा, मी गिरवायची. दहा मिनिटं झाली की शिट्टी. एक मिनिटही जास्त नाही!

फलक वाचता येऊ लागला, आणि तो म्हणाला, "सोमवारपासून माझी ड्युटी लांब, तांबरमला."

त्या दिवशी मी डबे दोनच फेऱ्यांत उतरवले.

शनिवारी माणसांच्या जागेत एक रिक्षा थांबली. आत सेतुमाधव, पांढऱ्या सदऱ्यात. त्यानं कागद पुढे केला. अक्षरं तमिळ, बोली आपल्या घरची.

"वाचा. तीनच मिनिटं आहेत."

मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. रस्ता भरून वाहत होता, मला काही ऐकू येत नव्हतं.

'रत्नप्रभा, माझ्या संगं राहाल?'

"अडीच मिनिटं झाली..." तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

"आणि माझे डबे?"

"तो माल आहे. मागनं येईल."

"मग सरका की तिकडे!"

मी चढले.

आठवड्यात देवळात माळा घातल्या. तांबरमला आम्ही पाच वर्षं राहिलो. माझे पती सेतुमाधव २०२३च्या कार्तिक पौर्णिमेला सकाळी वारले.