कळवण्याजोगा संबंध

"ते पुस्तक माझ्याकडे आहे," वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला. "पण तुम्हाला द्यावं की नाही... तेच कळत नाही."

ती कपाटापाशी थबकली. दोन देशांतल्या दोन कंपन्यांचा तंटा कोर्टात न जाता लवादापुढे चालू होता. ती लवादबाईंची सहायक. कोणत्या देशाचा कायदा काय म्हणतो ते शोधून टिपणं काढणारी. आणि हा, त्यातल्या एका कंपनीचा धाकटा वकील!

"पुस्तक वाचनालयाचं आहे," ती म्हणाली. "तुमच्या पक्षकाराचं नाही."

"मग अर्धं टेबल घ्या."

तिने घेतलं. खटल्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. मग काय, बाकी सगळ्याविषयी बोलणं आलंच. त्याच्या आईचे गुडघे, तिच्या बहिणीची बडबड... बोलता बोलता महिन्यात अकरा देशांचे कायदे उलटून झाले. बारावा वाचताना मात्र ती एका कलमापाशी अडखळली. निःपक्षपातीपणाविषयी शंका यावी असा संबंध असेल, तर लवादाने तो लेखी कळवावा – हेच तिने अकरा वेळा उतरवून घेतलं होतं. बाईंनी तर हा नियम सहायकालाही लावला होता.

पण संबंध कसला? तो अजून काही बोललाच नव्हता. जिन्यावर त्याची पावलं वाजली की तिची वाचती ओळ सुटायची. ती प्रेमात पडली होती, आणि जिवापाड मेहनतीने मिळवलेलं काम त्यापायी जाणार होतं.

तिने लिहिलं – 'एका पक्षाच्या धाकट्या वकिलांविषयी मला ओढ वाटते. त्यांना याची कल्पना नाही.'

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, याची प्रत दोन्ही पक्षांना जाते."

"हो, बाई."

"म्हणजे दुसरं वाक्य संध्याकाळपर्यंतच खरं."

दुसऱ्या कंपनीने हरकत घेतली. तिसऱ्या दिवशी टिपणं बाईंच्या हवाली करून ती वाचनालयात पुस्तकं परत करायला आली, तर तो उभाच.

"तुमचं काम गेलं," तो म्हणाला. "मी आधी बोललो असतो, तर माझं गेलं असतं. धीर झाला नाही... रागावलात?"

"हो."

"आता बोलू?"

"तोंडी नको. मी लेखी दिलंय."

त्याने कागद ओढला. एरवी पानंच्या पानं खरडणारा माणूस. दोन ओळींना त्याला पाऊण तास लागला. ती समोर बसून राहिली. डोळे भरून येत होते, पण उठावंसं मुळीच वाटत नव्हतं.