नऊ वाक्यं

भिंगरीची वेणी घातली, डबे भरले आणि नेहमीच्या वेळेला ऑफिसला निघाले. त्या दिवशी मला फक्त नऊ वाक्यं वाचायची होती.

इशारा केंद्रात मी टायपिंग करते. वादळ, पूर काही आलं की घराघरांतल्या रेडिओवर जी सूचना येते ती आमच्याकडून जाते. दर शनिवारी दुपारी बाराला तिची चाचणी होते. दहा वर्षं ती एकाच आवाजात व्हायची. तो आवाज माझ्या यजमानांच्या पहिल्या बायकोचा. ती गेली तेव्हा भिंगरी वर्षाची होती, मी घरात आले तेव्हा दोनची. आता नऊची आहे. मला आई म्हणते. आवाजाचं तिला कुणी कधी सांगितलं नाही.

शनिवारी बाराला यांचा घास हातातच राहायचा. मी वाढत राहायचे. भिंगरी घरात असली की मात्र उठून रेडिओचा कान पिळायचे. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, कळतं मला. पण मेलेल्या बाईचं दूध कधी उतू जात नाही, ती कधी चिडत नाही, तिचे केस पांढरे होत नाहीत. तिच्याशी बरोबरी करायची तरी कशी?

मग नवा कायदा झाला. जुन्या टेपा बाद, नव्या आवाजात नव्या सूचना, घरोघरी नवे संच. “वाचणार कोण?” असं साहेबांनी विचारलं आणि माझा हात माझ्याआधी वर गेला.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांना सगळं ऑफिस टेपमामा म्हणतं. “पाणी प्या, वहिनी,” ते म्हणाले. “नाहीतर लोकांना वाटेल, वादळाला खोकला झालाय.”

खोलीच्या भिंतींना जाड फोम. दार लागलं की स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. मी वाचलं.

“बावन्न सेकंद. चोख!” मामांनी एक कागद पुढे सरकवला. “जुनी टेप पुसायच्या आधी घरच्यांना प्रत मिळते. कायद्यातच सोय आहे. हवी ना?”

“नको.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलं,” मी म्हटलं. विचारलं नव्हतं.

मामांनी कागद परत घेतला आणि जुनी टेप पुसायचं बटण दाबलं. टेप फिरत राहिली. फोमचा कोंदट वास हळूहळू गेला आणि खोलीत नुकत्याच धुतलेल्या केसांचा वास आला. माझे केस कोरडे होते.

शनिवारी नवा संच लागला. त्याला कान नाही, बटण नाही. चाचणी कुणाला बंद करता येऊ नये, असं कायद्यातच आहे. बारा वाजले. माझा आवाज आला. हे जेवत राहिले. खोटं कशाला बोलू, मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पाचव्या वाक्यानंतर आवाज थांबला. दोन-तीन सेकंद. भिंगरी ताटावरून उठून संचाजवळ गेली, हळूच “हो” म्हणाली. मग सहावं वाक्य आलं.

“कुणाला हो म्हणालीस ग?”

“तिने विचारलं ना, जेवलीस का म्हणून.”

मी यांच्याकडे वळले. “मध्ये थांबला का हो आवाज?”

“कुठे? सलग तर वाचलंयस.”

सोमवारी मामांनी पुन्हा लावून दाखवलं. बावन्न सेकंद. “पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला की सगळेच दचकतात, वहिनी.”

पुढच्या शनिवारी आवाज वीस सेकंद थांबला. त्याच्या पुढच्या शनिवारी मिनिटभर. मी घड्याळ लावून मोजते. भिंगरी बोलत असते... दात हलतोय, मैत्रीण रुसलीये, गणित चुकलं. मला एवढं कधी सांगितलं नाही तिने. पलीकडचं मला काहीच ऐकू येत नाही.

“काय म्हणते ग ती?” एकदा धीर करून विचारलं.

“तुला सांगू नको म्हणालीये.”

परवाच्या शनिवारी चार मिनिटं झाली तरी सहावं वाक्य येईना. हे शांतपणे जेवत होते. मी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. भिंगरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग संचाला ओठ लावले आणि कुजबुजली,

“आत्ता नको... ती इथेच उभी आहे.”