तिसरी बादली

पहिली खेप.

अमरावतीत अब्बांचं अ‍ॅम्पदुरुस्तीचं दुकान. काउंटरवर अनीसा. समोर एक घामाघूम मुलगा, मोईज. पाठीला इलेक्ट्रिक गिटार, काखेत अ‍ॅम्प. अकोल्याहून आलेला, बसनं.

"गुणगुण करते जी. नुसतं चालू केलं तरी... गुंऽऽऽ."

तिनं लावून पाहिलं. अ‍ॅम्प गप.

पावती : तक्रार— गुणगुण. सापडलं— काही नाही.

दुसरी खेप.

तिनं केबल बदलली, गिटारचं पोट उघडून आतल्या तारांचे सोल्डरचे टाके पुन्हा मारले. तो टक लावून पाहत होता... अ‍ॅम्पकडे नाही.

सापडलं— काही नाही.

तिसरी खेप.

"खरं सांगा," अनीसा म्हणाली, "गुणगुण हाये, का बहाणा हाये?"

"हाये जी! रविवारपर्यंत रेकॉर्डिंग नाही पाठवलं तं बँडवाले दुसऱ्याले घेतीन. इथं आणलं का गप बसते. तुमाले भेते वाट्टे."

"अजून काही होते घरी?"

तो अडखळला. "तारेले बोट लागलं का झिणझिण्या येतात. पण त्या..." त्याचे कान लाल झाले, "तुमाले पाहूनबी येतात. म्हणून वेगळं नाही सांगतलं."

दुसरी कुणी लाजली असती. अनीसा ताडकन उभी राहिली. "येडे हो का तुमी? करंट हाये तो!"

आतून अब्बा म्हणाले, "जा, त्याच्या घरी जाऊन पाहून ये."

अकोला. रविवार, सकाळ.

अ‍ॅम्प चालू केला— गुंऽऽऽऽ!

तो खरं बोलत होता! एका बिघाडाचा इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता.

मीटर लावलं. अर्थिंग मेलेलं. अर्थिंगचा खड्डा अंगणात होता, धुण्याच्या दगडापाशी. काळी माती वाळून भेगाळलेली; ओल नसली की करंट जमिनीत उतरत नाही.

"इथं धुणं नाही धूत आता?"

"कपड्याची मशीन आली ना," मोईजची अम्मी, रजियाबी म्हणाली. "तवापासून इकडं थेंब नाही पडला."

"आन् गुणगुण कवापासून?"

मोईजनं डोक्याला हात लावला. "...मशीन आली तवापासूनच!"

पहिली बादली मातीनं गटकन पिऊन टाकली. दुसरीही. घरात अ‍ॅम्प चालूच, एकटा— गुंऽऽऽ

तिसरी बादली.

गुंऽऽ

गुं

 

एवढी शांतता! भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. शेजारच्या झाडावरची चिमणी. आणि त्याचा श्वास... अनीसा थक्क होऊन उभी राहिली. शाळेत शिकली होती, परीक्षेत लिहिलं होतं. पण आज पहिल्यांदा दिसलं— एवढीशी तार, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला अख्खी धरती.

"वाजवा आता," ती हळूच म्हणाली.

"थांबा ना... हे ऐकू द्या."

तिनं मीटर पुन्हा लावलं. सगळं ठीक. मग स्वतःच गिटारच्या तारेवर बोट ठेवलं. त्यानंही ठेवलं, तिच्या बोटाला लागून.

"आल्या काय झिणझिण्या?" त्यानं विचारलं.

अनीसानं बोट काढलं नाही.

"आल्या," ती म्हणाली. "पण... तारेतून नाही."