मलमलीच्या पिशव्या

"पडलात की काय?"

डोंगरमाथ्याजवळच्या खडीच्या उतारावर एक मुलगी पालथी पडलेली पाहून कुणीही हेच विचारलं असतं. तिने मान वर केली नाही. नुसता हात हलवून विचारणाऱ्याला थांबवलं.

"बघतेय. आणि तुम्ही अजून एक पाऊल टाकलंत, तर बघायला काही उरणार नाही."

त्याने बुटाशेजारी पाहिलं. दोन दगडांच्या फटीत, लोकरीसारख्या पानांच्या इवल्याशा झुबक्यावर एक निळं फूल बसलं होतं... माती नावाला नाही, वारा असा की डोक्यावर टोपी ठरू नये, आणि हे आपलं दगडाला बिलगून खुशाल फुललेलं! डोंगरावरची वाट दुरुस्त करणं हे त्याचं काम, रोजचं जाणं-येणं इथूनच. तरी हे त्याला कधी दिसलं नव्हतं. उभ्याने दिसत नाही, असं ती म्हणाली. मग तोही निमूट पालथा पडला.

ती शहरातल्या वनस्पती उद्यानासाठी बिया जमवायची. हे फूल आता याच उतारावर उरलं होतं. बिया मिळाल्या, तर उद्यान इथे रोपवाटिका काढणार आणि तिला इथेच राहायला पाठवणार. नाही मिळाल्या, तर काम बंद आणि तिची रवानगी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बागेत. त्यासाठी हा एकच मोसम हातात होता. हे ऐकल्यापासून त्या बियांचा घोर तिच्यापेक्षा त्यालाच जास्त लागला.

त्याची आत्या वाटेवरचं विश्रांतिगृह चालवायची. ती त्याला बडबड्या म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दगड, ढग, बुटांचे तळवे – त्याला कुठलाही विषय चाले. हसून हसून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण ती चहाचा कप घेऊन खिडकीशी बसली, की याची गाडी मध्येच अडायची... तेव्हा आत्या स्वयंपाकघरात उगीच भांडी आपटायची.

शहरातल्या कामासाठी तिला मध्ये परतावं लागणार होतं. जाण्याआधी तिने त्याला सगळं नीट शिकवलं. केसाळ भुंगा फुलावर येऊन जायला हवा, मग पाकळ्या गळायला हव्यात. त्यानंतरच देठाला मलमलीची छोटी पिशवी बांधायची, म्हणजे पिकलेलं बी वाऱ्यावर उडून जात नाही. तो ऐकत होता की तिच्याकडे बघत होता, हे सांगणं अवघड आहे.

"पिशव्या बांधून झाल्या की फोन करा," ती म्हणाली. "त्याच दिवशी निघेन मी."

"त्याच दिवशी?"

"मी यायला नको असेल, तर तसं सांगा..."

तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

फोन तिच्या अंदाजापेक्षा फार लवकर आला. यंदा ऊन कडक आहे, फुलं लवकर उरकली असतील, अशी तिने मनाची समजूत घातली आणि निघाली. एकदा बांधलेली पिशवी मध्येच सोडायची नसते, म्हणून तिने नुसत्या गाठी तपासल्या. उतारावर धुकं उतरलं होतं, विश्रांतिगृहाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाकावर शेजारी बसताना त्याची बाही तिच्या बाहीला लागली. तिने हात काढून घेतला नाही. परत जाताना आत्याला तिने हळूच विचारलं, वरची खोली भाड्याने मिळेल का?

बिया पिकायच्या सुमारास ती पुन्हा आली. दोघं उतारावर गेली. तिने पहिली पिशवी सोडली. आत निळ्या पाकळ्या वाळून कापडाला चिकटल्या होत्या. बी नव्हतं. दुसरी सोडली, तिसरी सोडली... सगळीकडे तेच. 

"फुलं उमललेली असतानाच बांधल्यात?"

"हो."

"भुंग्याचं सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं. मला वाटलं, येऊन गेला असेल एव्हाना..." तो दगडाकडे बघत म्हणाला, "पिशव्या बांधल्यावर तुम्ही येणार होतात. मला राहवलं नाही."

असं काहीतरी ऐकायला ती मोसमभर आसुसली होती. आता ऐकल्यावर याच्यावर रागवावं की याचा हात धरावा, हेच तिला कळेना.

"वेड्या," ती म्हणाली, "नुसतं 'ये' म्हणाला असतास, तरी आले असते मी."

त्याच्या ओठांवर 'राहा' आलं होतं. पण जिचा सगळा मोसम आपण वाया घालवला, तिला हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याने तिची बॅग खांद्यावर घेतली. खाली पोचेपर्यंत तो कुठलं वळण निसरडं आहे, एवढंच सांगत राहिला.

बस उभीच होती.

"जाणं टळणार नाही?" त्याने विचारलं.

"आता कशासाठी थांबू?"

हे तिने उगीच म्हटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी पायरीवर एक पाय ठेवून थांबली होती. चालकाने हॉर्न वाजवला.

"सांभाळून जा," तो म्हणाला.

तिने मान हलवली. डोळे भरलेले त्याला दिसू नयेत म्हणून ती पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. तो मात्र बस सुटेपर्यंत अलीकडच्या खिडक्यांमध्ये तिला शोधत राहिला.