खालचा आकडा

गाडी पंक्चर झाली म्हणून, रोज टोकावड्याच्या दवाखान्यासमोरून हॉर्न देत जाणारा एसटीचा ड्रायव्हर वाल्मिक आज आत शिरला. नर्स अक्षदा एकटीच होती.

"चाक बदलेपर्यंत बीपी बघता? डोकं ठणकतंय सकाळपासून."

"पाठ टेकवा, पाय जमिनीवर. पाच मिनिटं गप्प बसायचं."

"गप्प... तुमच्यासमोर? अवघड हाय."

तिनं हसू दाबलं. मग त्याचा हात छातीच्या उंचीवर टेकवून पट्टा फुगवला आणि हळूहळू हवा सोडली. कानात ठोके सुरू झाले... आणि फार लवकर विरले. पुन्हा मोजलं. तेच!

"ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, थांबतात तो खालचा," ती सावकाश म्हणाली. "दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडतं, तेव्हाही उरलेला दाब. तो नव्वदच्या खाली तरी हवा. तुमचा एकशे चार आहे."

"म्हंजे गाडी न्यूट्रलला, तरी इंजिन तापलेलं?"

"चेष्टा नको. आज घाटात जाऊ नका. मुरबाडला डॉक्टरांना दाखवा."

त्याचं हसू मावळलं. "गाडीत माणसं बसलीत, बाई."

"म्हणून तर सांगते!"

तो निघाला. थोड्या वेळानं भुरभुरत्या पावसात बस माळशेजच्या दिशेनं गेली. अक्षदा ती दिसेनाशी होईपर्यंत दारातून बघत राहिली. तिचे वडील असेच भात लावताना डोकं धरून खाली बसले होते... उठलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्या बसवर वेगळाच ड्रायव्हर दिसू लागला. वाल्मिकचं काय झालं, हे विचारायची तिची छाती होईना. हॉर्न वाजला की ती दचकायची.

आठवड्यानं तो आला... प्रवासी होऊन.

"पहिल्या वळणालाच भ्यालो," तो म्हणाला. "गाडी कडेला घेतली, डेपोत कळवलं. डॉक्टरांनी गोळी चालू केलीय. सध्या गाडी नाय."

"निरोप तरी धाडायचा!" ती म्हणाली. "मी रोज मरत होते इथं."

"पेशंट म्हणून?"

"नाय..." ती पट्टा बांधू लागली. ठोके थांबले ते ब्याण्णववर. "अजून जास्तच आहे. भीती वाटते मला, वाल्मिक."

"मलापण वाटते. पण एकट्यानं भ्यायचं नाय आता... चालेल?"

तिनं डोळे पुसले.

"रविवारी घरी ये. आई विचारेल, हा कोण म्हणून."

"काय सांगशील?"

"तेवढं मी बघते. तू गोळी चुकवू नको."