पिवळी दोरी

ज्याले हे खोटं वाटंन, त्यानं माझ्या घरी यावं. भरदुपारी. गच्चीवर एकट्यानं बसून दाखवावं.

भुतं रात्री निघतात म्हणणाऱ्यायनं नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिली नाही.

सक्करदऱ्याले आमचं घर. ह्याच उन्हाळ्यातली गोष्ट.

आमचे हे, गिरिधरराव, रिटायर झाले अन् मासे धराचं खूळ घेऊन बसले. साधा गळ नाही. लांब लवचिक काठी, जाड पिवळी दोरी, टोकाले पिसाची खोटी माशी. ती पाण्यावर इतकी अलगद टाकाची की माशाले खरी वाटावी. मोबाईलवर पाहून गच्चीवर शिकत. माशीच्या जागी माझ्या लोकरीचा लाल तुकडा. मनगट वाकू नये म्हणून माझीच रिबीन घेऊन हात काठीले बांधत.

"कोरड्यात कोणता मासा लागून राहिला जी?" मी म्हणायची.

"दोरी मागं गेली की थांबाचं असते," ते म्हणत. "मागं सरळ होऊ द्याची, मगच पुढं फेकाची. तुले कुठं थांबता येते!"

सूंऽऽ... मागं. थांब. सूंऽऽ... पुढं.

वर्षभरात असा हात बसला की गच्चीच्या त्या टोकाले ठेवलेल्या परातीत लोकर बरोबर पडे. मी कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही. चढून जातात माणसं.

एक दिवस दोरीचा पीळ जावा म्हणून यायनं ती गच्चीभर ताणून ठेवली. मले कपड्याले दोरी पाहिजेच होती. चांगली जाड, गुळगुळीत.

कापली अर्धी. बांधली दोन खांबाले. साड्या टाकल्या.

ते वर आले. पाहिलं. हसले.

"असू दे. थोडं जवळ जाऊन टाकीन."

त्याच रविवारी खापरखेड्याकडच्या नदीवर गेले. रेती उपसून उपसून तिथं डोह झाले आहेत.

घरी आणलं ते चादरीत.

तेरवी झाली. मी साडी धुतली, पिवळ्या दोरीवर टाकली. बाजूच्या तारेवर पोराचा, विक्रमचा शर्ट पापडासारखा कडक वाळला.

साडी मात्र... ओलीच.

पिळली. गढूळ पाणी निघालं. गाळाचा वास.

"चारुशीला, कोणत्या पाण्यात बुचकळली वं ही?" मी सुनेवर ओरडली.

"आई, तुमची साडी तुम्हीच धुतली ना?"

दुसऱ्या दुपारी लाईट गेली होती. पंखा बंद. गल्लीत कुत्रंही नव्हतं. अन् वरून...

सूंऽऽ...

मी श्वास धरून पडली. पुढची 'सूं' आलीच नाही.

त्या दिवशी जेवताना विक्रम म्हणाला, "बाबाले धड फेकताच येत नव्हतं वं आई. नदीवरचा माणूस सांगे, दोरी अर्ध्यावरच पडे. म्हणून पुढं पुढं सरकत गेले. वर्षभर गच्चीवर नुसता टाइमपास!"



दोरी अर्ध्यावरच पडे...

अर्धी तर माझ्या खांबाले होती.

 दुसऱ्या दिवशी गाठी सोडल्या, दोरी गुंडाळली, पेटीत ठेवली. सकाळी पेटी उघडली तर सगळ्या साड्या ओल्या. तळाशी रेती.

विक्रम येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, बाबाले जमत नव्हतं. लोक मान हलवतात. अन् मी ऐकून घेते. कोणाचं ऐकून न घेणारी मी!

चारुशीला मोबाईलवरचं हे भुताच्या गोष्टीचं पान रोज वाचते, म्हणून इथं लिहून राहिली. आजही वाचंन. मग नवऱ्याले सांगंन, तुझ्या बापाचा हात पक्का होता म्हणून. पोराच्या तोंडावर सांगाले माझी जीभ उचलली नाही.

आत्ता दुपारच आहे. वर सूंऽऽ झालं.

दोरी मागं गेली... पुढं येऊन नाही राहिली.

इतकं कोणी थांबते काय जी?